खोक्यावरची चुकलेली तारीख

भिवंडीत राहायचं आणि कॉम्प्युटरची नोकरीही भिवंडीतच करायची, हे त्या काळी लोकांना समजावून सांगावं लागे. माझ्या वर्गातली मुलं कुणी पवईला, कुणी ऐरोलीला, कुणी पुण्याला गेली होती. मी मात्र टेमघरच्या घरातून सकाळी निघायचे, धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा बदलायचे आणि लूमचा खडखडाट मागे पडला की हायवेलगतच्या गोदामांच्या रांगेपाशी उतरायचे. २००६-०७च्या आसपासची गोष्ट. जिथे काही वर्षांपूर्वी भातशेती होती तिथे पत्र्याची मोठमोठी गोदामं उभी राहत होती, आणि त्यातल्या एका औषधांच्या गोदामात, काचेच्या एका खोलीत मी बसायचे.

गोदामाचे मालक तिथलेच. ती जमीन त्यांच्या वडिलांची. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. पांढरा शर्ट, पायात चपला, आणि दिवसातून दहादा पॅकिंगच्या हॉलमधून चक्कर. त्यांना कॉम्प्युटरचं फारसं कळत नसे आणि तसं ते उघड सांगत. पण कुठलं खोकं कुठल्या ट्रकात चढलं हे मात्र त्यांना विचारावं.

आमचं काम असं होतं. औषध कंपन्यांकडून रोज एक्सएमएल नावाच्या प्रकारातल्या फायली यायच्या. कुठल्या औषधाची किती खोकी, बॅच कुठली, एक्सपायरी कधीची, माल कुठे जायचा, सगळं त्यात. त्या फायलीचं खोक्यावर चिकटवायच्या लेबलात रूपांतर कसं करायचं याचे नियम एका दुसऱ्या फायलीत लिहिलेले असत. तिला स्टाइलशीट म्हणतात, आणि ते नियम लिहायच्या भाषेला एक्सएसएलटी. ही भाषा मजकुराची मांडणी झकास करायची, पण तारखा आल्या की तिचं गाडं अडायचं. प्रत्येक कंपनीची तारीख लिहायची तऱ्हा निराळी. ती सगळी एका साच्यात आणायची तर स्टाइलशीटमध्ये द्राविडी प्राणायाम करावा लागे. म्हणून माझ्या आधी तिथे असलेल्या सरांनी जावा नावाच्या दुसऱ्या भाषेत एक छोटं फंक्शन लिहिलं होतं. स्टाइलशीट कच्ची तारीख त्याच्याकडे द्यायचं आणि ते ‘मार्च २००९’ अशी सुबक तारीख परत करायचं. सर पुण्याला गेले, त्यांची खुर्ची मला मिळाली, आणि खुर्चीबरोबर ते फंक्शनही. मी ते एकदा उघडून पाहिलं होतं. दहाबारा ओळी, नीटनेटक्या. चाललंय ते चालू दे म्हणून बंद करून ठेवलं होतं.

पॅकिंगच्या हॉलमध्ये लेबलं चिकटवण्याचं काम मावशींच्या हाताखाली चाले. मावशी जवळच्याच गावच्या, पन्नाशीच्या, नऊवारी घट्ट कसलेली, आवाज हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. हाताखालच्या बायकांना त्यांचा धाक होता आणि मायाही. त्यांची एक पद्धत होती. प्रिंटरमधून लेबल निघालं की खोक्यावरचं औषधाचं नाव आणि बॅच मोठ्याने वाचायची, मग लेबलावरचं वाचायचं, दोन्ही जुळलं तरच चिकटवायचं. एक्सपायरी मात्र बाहेरच्या खोक्यावर नसायची, ती आतल्या बाटल्यांवर. ती फक्त आमच्या लेबलावर उमटायची.

एके दिवशी सकाळी मी पोचले तर हॉलमध्ये चिडीचूप. शेठच्या केबिनचं दार उघडं होतं आणि मावशी आत उभ्या होत्या.

“नाशिकच्या दवाखान्यातून फोन होता,” शेठ मला म्हणाले. “लहान पोरांच्या औषधाचं खोकं. बाहेर लेबलावर एक्सपायरी दीड-दोन वर्षं पुढची, आणि आत बाटलीवर चार महिन्यांनी संपते. लेबलांची अदलाबदल झालीय.”

“मी अदलाबदल केलेली न्हाय,” मावशी म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

“मग कुणी केली, मावशी? लेबल आपोआप जाऊन चिकटतं काय?”

 मावशी भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शेठ वाईट माणूस नव्हते. पण औषध कंपनीने त्यांना फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, की चूक कशी झाली ते कळेपर्यंत गोदामातून एकही खोकं हलायचं नाही. बाहेर ट्रक भरून उभे. शेठना तातडीने काहीतरी केल्यासारखं दाखवायचं होतं. त्यांनी मावशींना लेबलांच्या टेबलावरून उठवलं आणि खोकी घडी घालायच्या कोपऱ्यात बसवलं. “चौकशी होईस्तोवर,” ते म्हणाले. मावशींनी कमरेला खोचलेली कात्री काढून टेबलावर ठेवली आणि कोपऱ्यात जाऊन बसल्या. बाकीच्या बायका खाली मान घालून काम करत राहिल्या.

मी माझ्या खोलीत येऊन ते खोकं गेलं त्या दिवशीची फाइल शोधली. त्याच खोक्याचं लेबल पुन्हा छापून पाहिलं. तारीख अगदी बरोबर आली. पुन्हा छापलं, पुन्हा बरोबर. कितीदा छापलं ते आठवत नाही, पण दर वेळी तारीख बरोबरच. शेठना जाऊन तसं सांगितलं.

“म्हणजे कॉम्प्युटर बरोबर हाय,” ते म्हणाले आणि त्यांनी काचेतून कोपऱ्याकडे पाहिलं. मी जे सांगितलं त्याचा अर्थ मावशींच्या विरुद्ध जात होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. 

दुसऱ्या दिवशी ते खोकं नाशिकहून परत आलं. मी शेठना म्हटलं, मला ते बघू द्या. ते टेबलावर ठेवलं, वरची चिकटपट्टी कापलेली होती. मी मावशींना हाक मारली. त्या आल्या, पण टेबलापासून दोन हात लांबच उभ्या राहिल्या.

“मावशी, नेहमी वाचता तसं वाचा बघू.”

“कशाला?”

“वाचा ना.”

त्यांनी खोक्यावरचं औषधाचं नाव वाचलं. बॅच वाचली. मग लेबलावरचं नाव वाचलं. बरोबर. लेबलावरची बॅच, बरोबर. खोक्याचा क्रमांक, पाठवायचं ठिकाण, सगळं त्याच खोक्याचं. फक्त एक्सपायरी भलतीच.

 मी लेबल पुन्हा एकदा सुरुवातीपासून वाचलं, आपण घाईत काही चुकीचं तर बघत नाही ना म्हणून.

“शेठ,” मी म्हटलं, “लेबल दुसऱ्या खोक्याचं असतं तर बॅचही दुसरी आली असती. नावही दुसरं आलं असतं. हे लेबल याच खोक्याचं आहे. मावशींनी बरोबर लेबल बरोबर खोक्याला लावलंय. तारीख छापतानाच चुकीची छापली गेलीय.”

शेठना हे एका दमात कळलं. हिशेबी माणूस. त्यांनी खोकं स्वतःकडे वळवलं, डोळ्यांवर चष्मा चढवला, सगळं स्वतः वाचलं.

“म्हणजे मावशीचा दोष न्हाय.”

“नाही.”

“मग कुणाचा?”

“माझ्या बाजूचा, शेठ. कॉम्प्युटरचा.”

“तुझा का कॉम्प्युटरचा?”

“ते अजून माहीत नाही.”

 मावशींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात मला सुटकेपेक्षा काळजीच जास्त दिसली. एक बाई टेबलावरून उठली होती, आता दुसरी उठणार, असं त्यांना वाटलं असावं. शेठ म्हणाले, “जा, मावशी, आपल्या जागेवर बसा.” त्या म्हणाल्या, “आधी हिचं होऊ द्या.” आणि परत कोपऱ्यात गेल्या. शेठनी दोनदा सांगूनही हलल्या नाहीत.

आता सगळे माझ्याकडे बघत होते. आवारात ट्रक उभे, ड्रायव्हर लोक ट्रकांच्या सावलीत स्टोव्ह पेटवून भाजी शिजवत. मी पाण्याची बाटली भरायला बाहेर गेले की त्यातला एखादा विचारायचा, “मॅडम, कब निकलेगा माल?” मी म्हणायचे, “बस, आज-कल में.” काही माहीत नसताना.

मुख्य अडचण ही होती की मी छापलं की तारीख बरोबर येत होती. जी चूक समोर येत नाही ती पकडायची कशी? मी ठरवलं की त्या जावा फंक्शनलाच बोलतं करायचं. त्याने दर वेळी स्क्रीनवर लिहून दाखवावं, की मला कुठली तारीख मिळाली आणि मी कुठली परत दिली. शिवाय कुठल्या प्रिंटरसाठी, तेही. आमच्याकडे प्रिंटर दोन होते. पहिला सरांच्या काळापासूनचा, दुसरा काम वाढलं म्हणून त्याच वर्षी आणलेला.

मी फंक्शनमध्ये त्या ओळी घातल्या, नवी प्रत सर्व्हरवर, म्हणजे लेबलं बनवणाऱ्या मुख्य कॉम्प्युटरवर, ठेवली, सर्व्हर बंद करून चालू केला. लेबल छापलं. तारीख बरोबर, पण स्क्रीनवर एक अक्षर नाही. पुन्हा ठेवली, पुन्हा चालू. स्क्रीन कोरी. मी काहीही बदललं तरी सर्व्हरला त्याचा पत्ताच नव्हता. शेवटी वैतागून मी ती प्रतच तिथून काढून टाकली. म्हटलं, आता तरी ओरडेल. आणि लेबल छापलं गेलं! तारखेसकट, अगदी व्यवस्थित.

मी खुर्चीत मागे टेकले. फंक्शन काढून टाकलं तरी फंक्शन चालतंय. म्हणजे ते आणखी कुठेतरी आहे.

शोधायला दुपार गेली. सरांनी कधीतरी जावाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, अगदी आत, त्याची एक प्रत टाकून ठेवलेली होती, आणि सर्व्हर सगळ्यात आधी तीच उचलत होता. इतके दिवस मी ज्या प्रतीकडे बघत होते ती नुसती शोभेची. आतली प्रत काढली, माझी ठेवली, आणि छापायला घेतलं तर तांबड्या ओळींची रांग लागली. असं फंक्शन सापडत नाही, म्हणे. पण खरं सांगते, त्या तांबड्या ओळी पाहून मला हायसं वाटलं. निदान आता सर्व्हर माझं ऐकत होता.

स्टाइलशीटच्या डोक्यावर एक ओळ असते, तिच्यात, फंक्शन ज्यात ठेवलेलं असतं त्या जावा क्लासचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. हाक कुणाला मारायची ते स्टाइलशीटला त्यावरून कळतं. मी माझ्या क्लासच्या नावात एक इंग्रजी अक्षर मोठं, कॅपिटल लिहिलं होतं आणि त्या पत्त्यात ते लहान होतं. जावाला एवढा फरक पुरतो. ते सुधारलं. मग दुसरी तक्रार आली: फंक्शन आहे, पण तुम्ही जे देताय ते घेणारं नाही. याच्यावर मी बराच वेळ डोकं धरून बसले. मी प्रिंटरचा क्रमांक नव्याने पाठवत होते, पण स्टाइलशीट तो क्रमांक नुसता न देता, एक्सएमएलमधला तो अख्खा तुकडा, खुणांसकट उचलून जावाच्या हातात ठेवत होतं. जावाला हवी होती साधी अक्षरं. त्या जागी एक शब्द वाढवून सांगितलं, की आधी याची अक्षरं कर आणि मग दे. छापलं.

स्क्रीनवर ओळ उमटली. प्रिंटर एक, मिळाली अमुक, दिली अमुक. एवढंसं ते वाक्य, पण मी खुर्चीतून उठून काचेवर टकटक केली आणि हॉलमधल्या बायकांना हात केला. त्यांना काही कळलं नाही. त्यांनीही हात केला.

संध्याकाळी घरी बाबांनी विचारलं, “सापडलं का?”

“चूक नाही सापडली. पण चूक झाली तर आता दिसेल.”

बाबा शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी मान डोलावली. “अर्धं काम झालं मग.” आई म्हणाली, “आधी जेवा दोघं.”

पुढच्या सकाळी मी शेठना विचारलं, की पुढच्या ऑर्डरींची लेबलं छापून ठेवू का, चिकटवायची नाहीत, नुसती छापायची. ते हो म्हणाले. दोन्ही प्रिंटर सुरू झाले. मी स्क्रीनसमोर बसून ओळी वाचत होते. मिळाली, दिली. मिळाली, दिली. सगळ्या बरोबर. मला झोप यायला लागली.

तेवढ्यात वीज गेली. त्या वर्षांत भारनियमन रोजचंच होतं. आमचा सर्व्हर बॅटरीवर चालत राहायचा, प्रिंटर मात्र बंद पडायचे, आणि छापायची लेबलं रांगेत साठत जायची. पंखे थांबले. बायका पदराने वारा घेत बसल्या. मी लेबलांची गड्डी चाळत होते.

वीज आली आणि दोन्ही प्रिंटर एकाच क्षणी सुरू झाले. दोघांनाही साठलेली लेबलं एकदम हवी होती. स्क्रीनवर ओळी भराभर वर सरकायला लागल्या, वाचता येईनात. मी ते थांबवलं आणि मागे जाऊन एकेक ओळ वाचायला घेतली.

प्रिंटर एक, मिळाली मार्च २००९, दिली मार्च २००९.

प्रिंटर दोन, मिळाली सप्टेंबर २००७, दिली मार्च २००९.

मी बोट स्क्रीनवर ठेवून पुन्हा वाचलं. मग धावत दुसऱ्या प्रिंटरपाशी गेले, लेबलांची पट्टी उलगडली. ते लेबल तिथे होतं. नाव बरोबर, बॅच बरोबर आणि एक्सपायरी शेजारच्या प्रिंटरवरच्या खोक्याची.

“काय झाला गो?” मावशी कोपऱ्यातून उठून आल्या होत्या.

“सापडली, मावशी. ही बघा.” मी लेबल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं आणि तोंडावर हात ठेवला.

मी पुण्याला सरांना फोन लावला. ते मीटिंगमध्ये होते, म्हणाले जेवणाच्या सुट्टीत करतो, आणि केलाही. मी त्यांना घडलेलं सांगितलं. प्रिंटर दोन आहेत म्हटल्यावर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“अगं, दुसरा प्रिंटर कधी आला?”

“तुम्ही गेल्यावर, सर.”

“अरे देवा! मी तारीख बदलणारी ती वस्तू एकदाच बनवून सगळ्यांसाठी ठेवली होती. दर वेळी नवी बनवायला वेळ लागतो म्हणून. तेव्हा विचारणारा एकच होता. आता दोघं एकदम विचारतात आणि ती वस्तू दोघांना एकाच वेळी सांभाळू शकत नाही. एकाची तारीख तिच्यात असताना दुसरा आपली घालतो, आणि पहिला दुसऱ्याची घेऊन जातो.”

“म्हणून मी एकटीने छापलं की बरोबर येते.”

“अर्थात. दर हाकेला नवी बनव. आत, फंक्शनच्या पोटात. दोन ओळी हलवायच्या आहेत फक्त.” मग म्हणाले, “कुणाला ते औषध दिलं गेलं नाही ना?”

हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. पण त्या सकाळी शेठनी नाशिकला पुन्हा फोन करून तोच विचारला होता. तिथल्या औषधं देणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, की कपाटात लावताना आम्ही प्रत्येक बाटली बघतोच, म्हणून तर कळलं. मी सरांना ते सांगितलं. पलीकडून मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला.

दोन ओळी हलवायच्या होत्या, पण मी आधी त्या हलवल्या नाहीत. मला शेठना चूक डोळ्यांनी दाखवायची होती. मी त्यांना हॉलमध्ये बोलावलं. दोन्ही प्रिंटर एकाच बटणावर होते. ते बंद केलं, लेबलं साठू दिली, आणि मावशींना म्हटलं, करा चालू. मावशींनी बटण दाबलं. सगळी लेबलं बरोबर निघाली. शेठ माझ्याकडे बघायला लागले. पुन्हा केलं. पुन्हा सगळी बरोबर.  तिसऱ्या खेपेला, आधीच्या लेबलांशी ताडून बघत, मावशीच ओरडल्या, “ही बघा, ही बघा! खोकल्याच्या औषधाला मलमाची तारीख!”

शेठनी ते लेबल घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. “कंपनीवाल्यांना दाखवतो.” मग मला म्हणाले, “आता दुरुस्त कर. आणि हेच परत करून दाखव.”

मी खोलीत गेले. दोन ओळी वरून काढून फंक्शनच्या आत ठेवल्या. या वेळी अक्षरं लहान-मोठी नीट बघितली, नवी प्रत योग्य जागी ठेवली, जुनी कुठे उरली नाही ना हे पुन्हा शोधून पाहिलं. सर्व्हर सुरू केला. बाहेर येऊन म्हटलं, “करा, मावशी.”

बंद, चालू, बंद, चालू. मावशी बटणाशी, मी स्क्रीनशी, शेठ दोन प्रिंटरच्या मध्ये खुर्ची टाकून बसलेले. बायका लेबलं फाडून मोठ्याने वाचत होत्या, मी स्क्रीनवरची तारीख सांगायचे, त्या “हाय” म्हणायच्या. कागदाचा ढीग गुडघ्याला लागला. दुपार कलली तरी एकही चुकली नाही. मध्येच खरोखरची वीज गेली तेव्हा सगळ्या हसल्या, आणि ती आल्यावर निघालेली लेबलं तर आम्ही दोनदोनदा वाचली. बरोबर. बरोबर. बरोबर.

“आणखी किती करायचा?” मावशींनी विचारलं. “माझा अंगठा दुखाया लागला.”

शेठ उठले. ते मावशींच्या समोर जाऊन उभे राहिले आणि हॉलमधल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मावशी, मी चुकलो. न विचारता तुम्हाला उठवला. तसा करायला नको होता.”

 मावशींनी मान खाली घातली, मग वर केली, आणि लेबलांच्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, “ते ऱ्हाऊ द्या. पण ही चिकटपट्टी कुनी मारली? एक पण सरळ न्हाय. माझी कात्री कुठं हाय?”

बायका खळखळून हसल्या. कुणीतरी कात्री आणून दिली. मावशींनी ती कमरेला खोचली, आपल्या स्टुलावर बसल्या आणि पहिल्या खोक्यावरची वाकडी पट्टी नखाने उचकटायला लागल्या. तेवढ्या वेळात त्यांनी डोळे पुसले ते फक्त माझ्या लक्षात आलं, कारण मी शेजारी उभी होते.

काम अजून संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही गोदामात लेबल लावून तयार असलेलं प्रत्येक खोकं एक्सएमएलशी ताडून पाहिलं. त्यात आणखी काही सापडली, मोजकीच, सगळी वीज गेलेल्या वेळांच्या आसपास छापलेली. बाहेर गेलेल्या मालापैकी ज्यांवर शंका होती त्या गावांना शेठनी स्वतः बसून फोन केले. प्रत्येक फोन ठेवला की काचेतून माझ्याकडे बघून अंगठा वर करायचे. कुठेही आतल्या तारखेकडे न बघता औषध दिलेलं नव्हतं. शेवटचा फोन झाल्यावर ते खुर्चीत डोळे मिटून बसले. मला वाटलं झोपले. पण जरा वेळाने बाहेर येऊन म्हणाले, “कंपनीवाले बोलले, सोडा गाड्या.”

ट्रक सुरू व्हायला लागले. धूळ, डिझेलचा वास, क्लीनरच्या आरोळ्या. मला भिजलेल्या फडक्यासारखं वाटत होतं, सगळं पिळून निघाल्यासारखं. तीन दिवस नीट जेवण झालं नव्हतं आणि आता एकदम कडकडून भूक लागली. डबा तर मी त्या दिवशी घरीच विसरले होते.

मावशींनी आपला डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. “जेव, बाय,” त्या म्हणाल्या. “तोंड बघ कसा झालाय.”

“आणि तुम्ही?”

“माझा झाला मघाशीच.” ते खरं नव्हतं, दोघींनाही माहीत होतं. मी भाकरी अर्धी केली आणि अर्धी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी एकदा नको म्हटलं, मग घेतली. आम्ही लेबलांच्या टेबलावरच बसलो. चटणी इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते चटणीचं की आणखी कशाचं हे तिथे कुणी विचारलं नाही.

“ते जावा का काय ते,” मावशी घास चावत म्हणाल्या, “त्याच्यात अशी आनखी काय काय लपलेली असतील?”

“असतील की.”

“मग?”

“मग सापडली की दुरुस्त करायची.”

त्यांना हे उत्तर फारसं पटलं नसावं, पण त्या “बरा” म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं. बाहेर शेवटचा ट्रक फाटकातून वळत होता. वॉचमन त्याला मागून हात दाखवत होता, आणखी थोडा डावीकडे, आणखी थोडा. ट्रक निघाला. मी हात धुतले, खोलीत जाऊन सर्व्हरवरच्या ओळी एकदा पाहिल्या, आणि उजेड होता तोवर घरी जायला निघाले. रिक्षात चौथी सीट मिळाली, ड्रायव्हरच्या शेजारची. अर्धं अंग बाहेर. त्या तसल्या सीटवर, सगळ्या खड्ड्यांतून, मला गाढ झोप लागली.